परकोटाच्या आतले शहर

चंद्रपुरात जटपुरा गेटवर वाहनांची कोंडी झाली की ती फोडण्यासाठी नवनवे उपाय सुचवले जातात. वाहतूक एकेरी करा, बाजूने रस्ता काढा, तट थोडा उघडा, असे काहीबाही दरवेळी पुढे येते. कोंडीचे मूळ मात्र जुने आहे. हत्ती, घोडे आणि बैलगाड्या आत-बाहेर जाव्यात म्हणून गोंडराजांनी बांधलेल्या दरवाजातून आज शहराचा मुख्य रस्ता जातो. ऑटोरिक्षा, शाळेच्या गाड्या, रुग्णवाहिका, सारे त्याच कमानीखालून. महाराष्ट्रात गडकोटांची उणीव नाही, पण सह्याद्रीतले बहुतेक गड माणसांनी सोडून दिलेले आहेत. चंद्रपूरचा किल्ला सपाटीवर आहे, दोन नद्यांच्या मध्ये आहे आणि त्यात वस्ती कधी थांबलेली नाही. त्यामुळे त्याचे काय करायचे हा प्रश्न नुसत्या जतनाचा राहत नाही. या किल्ल्याचा आजचा वापर काय आहे आणि तो कसा असायला हवा, हे ठरवल्याशिवाय तो टिकणार नाही, असे आमचे मत आहे.

या किल्ल्याची जन्मकथा चंद्रपूरकरांना तोंडपाठ असते. गोंडांची राजधानी आधी आजच्या तेलंगणातील सिरपूरला होती, मग ती वर्धा नदीकाठी बल्लारपूरला आली. तिथला राजा खांडक्या बल्लाळशाह त्वचेच्या व्याधीने त्रस्त होता. झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका कुंडाचे पाणी अंगाला लागताच त्याला उतार पडला, ते स्थान अंचलेश्वराचे निघाले, आणि पुढे ससा कुत्र्यावर उलटून धावल्याचा चमत्कार पाहून राणीने त्याच जागी नगर वसवण्याचा सल्ला दिला, अशी ही कथा आहे. १८६९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याचा महसुली अहवाल लिहिणाऱ्या लूसी स्मिथ या अधिकाऱ्यानेही ती नोंदवून ठेवली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी जागेची निवड विचारपूर्वक झाली होती हे उघड आहे. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि दक्षिणेकडे या दोन्ही प्रवाहांचा उतार. तीन बाजूंनी पाणी असलेली ही जागा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडली गेली. कामाची आखणी तेल ठाकूर याने केली असे परंपरा सांगते. एका राजाच्या हयातीत ते पुरे होणारे नव्हतेच. खांडक्याने आरंभ केला, हिरशाहाने दरवाजे आणि बालेकिल्ला उभारला आणि धुंड्या रामशाहाच्या काळात तट पूर्ण झाला, असा क्रम सांगितला जातो.

हिरशाहाच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा आहे आणि ती आम्हांला तटाइतकीच मोलाची वाटते. जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, ही तुकूमाची पद्धत त्याने रूढ केली असे मानले जाते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या भातशेतीत आजही जे मामा (माजी मालगुजारी) तलाव दिसतात, त्यांच्यामागे गोंडराजांचे हे धोरण आहे. शहरातला रामाळा तलावही त्याच काळातला. ज्या राजवटीने दगडाचा एवढा मोठा तट घातला, तिने पाण्यासाठीही तेवढाच विचार केला होता. किल्ल्याचा इतिहास सांगताना लढाया आणि वंशावळी येतात, तळी राहून जातात. ती राहू नयेत.

तटाची लांबी ११ ते १२ किलोमीटर भरते. उंची पंधरा ते वीस फूट. चार मोठे दरवाजे आहेत. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा आणि पूर्वेच्या अंगाला अंचलेश्वर. त्यांच्या जोडीला पाच खिडक्या आहेत. बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर अशी त्यांची नावे. दरवाजांवर हत्तीला पायाखाली घेतलेल्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे. ते पाहायचे तर मान वर करावी लागते, आणि गर्दीत मान वर करायला कुणाला सवड नसते. बाहेरगावच्या पाहुण्याला एकदा तरी तिथे थांबवून ते दाखवावे. दगडातले ते जनावर आपल्या सवयीच्या शिल्पांसारखे नाही. त्याच्या अंगात जंगलच्या राजवटीचा दरारा आहे.

या राजघराण्यातील ज्या व्यक्तीने चंद्रपूरला सर्वांत जास्त दिले ती राणी हिराई. तिचा पती वीरशाह याचा खून झाला. मुलगा नसलेल्या या राणीने रामशाहाला दत्तक घेतले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच्या वतीने राज्य चालवले. अंचलेश्वर मंदिराच्या आवारात वीरशाहाची जी भव्य समाधी आहे ती तिने बांधली. महाकालीच्या मंदिराचे आजचे रूपही तिच्याच काळातले. चैत्रात या देवीच्या यात्रेला नांदेड, परभणीपासून आणि पलीकडे तेलंगणातून लाखो माणसे येतात, झरपटीत स्नान करतात आणि अंचलेश्वर गेटच्या परिसरात उतरतात. यातल्या किती जणांना हिराईचे नाव ठाऊक असेल? राजाने राणीसाठी बांधलेले स्मारक जगाला माहीत आहे. राणीने राजासाठी बांधलेले हे स्मारक विदर्भाबाहेर अपरिचित राहिले. चंद्रपूरच्या शाळांत हिराईचा धडा स्थानिक इतिहास म्हणून तरी शिकवला जायला हवा.

१७५१ साली गोंडराजा नीलकंठशाहाकडून चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर मुधोजी भोसल्यांकडे चांद्याची जहागीर आली आणि मराठी अंमलात तटाची डागडुजी झाली. मग १८१८ साल उजाडले. इंग्रजांच्या पाठलागाने जेरीस आलेला दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखाने निघाला होता. एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ शिवणी येथे त्याच्या फौजेला अ‍ॅडम्सने गाठले. मे महिन्यात हाच लेफ्टनंट कर्नल अ‍ॅडम्स चांद्यापुढे येऊन उभा राहिला. तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि २० मे रोजी किल्ला पडला. किल्लेदार गंगासिंग लढताना मारला गेला. पुण्याच्या शनिवारवाड्यावर निशाण बदलल्यावर मराठी सत्ता संपली असे शिकवले जाते. पूर्वेकडे या जंगलपट्ट्यात त्यानंतरही सहा महिने लढा चालला होता, हे महाराष्ट्राच्या इतिहासात ठळकपणे यायला हवे.

इंग्रजांनी किल्ला घेतला आणि १८५३ नंतर नागपूरच्या राज्याबरोबर जिल्हाच ताब्यात घेतला. गोंडराजांच्या बालेकिल्ल्याचा उपयोग त्यांनी तुरुंग म्हणून केला. उंच भिंती तयार होत्या, दरवाजा एक होता, पहारा सोपा होता. १८५८ साली अहेरी भागातील मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी जंगोम दल उभारून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. राजगडवर हल्ला झाला, नांदगाव-घोसरीला लढाई झाली, प्राणहितेकाठी चिंचगुडी येथे तारायंत्राच्या तळावरील गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. अखेर फितुरीने शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ज्या जागेतून गोंडराजांनी शतकानुशतके राज्य केले त्याच जागेत गोंड जमीनदाराच्या मुलाला फासावर चढवले गेले. एवढी एकच गोष्ट घेतली तरी ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरते.

आज ती जागा चंद्रपूरचे जिल्हा कारागृह आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला कारागृहाच्या आवारातील पिंपळाजवळ शेडमाकेंना अभिवादन करायला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतून लोक जमतात. मोहरमच्या दिवसांत आतील गैबीशाह वलींचा दर्गा भाविकांसाठी खुला होतो आणि सर्व धर्मांची माणसे रांगा लावतात. वर्षातले हे मोजके दिवस वगळता राजवाड्याच्या आत जाण्याचा मार्ग गुन्हा करूनच मिळतो. कारागृहाच्या प्रशासनाला आम्ही दोष देत नाही. कैद्यांची सुरक्षितता हे त्यांचे काम आहे आणि ते त्यांनी चोख करावे. मात्र पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या बालेकिल्ल्यात एकविसाव्या शतकातले कारागृह चालवणे कैद्यांच्याही हिताचे नाही. आरोग्य, शिक्षण, कामाचे वर्ग, वकिलांची भेट, दूरदृश्य सुनावणी यांसाठी आजच्या कारागृहाला मोकळी जागा लागते. ती शहराच्या मध्यभागी, संरक्षित स्मारकाच्या कुशीत मिळणार नाही. तिथे नवे बांधकाम करायला कायदाच आडवा येतो.

किल्ल्याचा तुरुंग होणे हे काही भारतापुरते नाही. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावर खडकाच्या बेटावर शिलाँ नावाचा किल्ला आहे. सव्हॉयच्या सरदारांचा तो वाडा, जकातीचे नाके आणि कैदखाना असे सगळे काही होता. फ्रांस्वा बोनिव्हार याला तिथल्या तळघरात डांबले होते. १५३६ साली बर्नच्या सैन्याने किल्ला घेतला तेव्हा तो सुटला. १८१६ साली बायरनने त्याच्यावर कविता लिहिली आणि किल्ला युरोपभर गाजला. पण कवितेने भिंती उभ्या राहत नाहीत. १८०३ पासून ही वास्तू व्हो प्रांताच्या मालकीची आहे आणि १८८७ साली नागरिकांनी तिच्या जीर्णोद्धारासाठी संस्था काढली. मालकी सरकारची, देखभालीत नागरिक, प्रवेशाचे पैसे पुन्हा दुरुस्तीत, आणि ज्या तळघरात कैदी बांधला होता तेच आज पाहण्याचे मुख्य ठिकाण. शिलाँचा हा अनुभव चंद्रपूरला उपयोगी आहे, कारण इथेही कैदखान्याची कहाणी लपवायची नाही. ती जिथे घडली तिथेच सांगायची आहे.

इथे नागरिकांची बाजू कमी पडलेली नाही. १ मार्च २०१७ रोजी बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी तटाची स्वच्छता सुरू केली. तटावर आणि बुरुजांवर माणूसभर झुडपे माजली होती, पिंपळ-उंबरांच्या मुळ्या सांध्यांत शिरल्या होत्या, कचऱ्याचे ढीग होते. रोज पहाटे जमायचे, कोयते-कुदळी घ्यायच्या, काही तास काम करायचे आणि मग आपापल्या उद्योगाला जायचे, असे हे काम कित्येक महिने चालले. २९ ऑक्टोबर २०१७ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. त्यानंतर तटावरून चालत इतिहास सांगणाऱ्या वारसा फेऱ्या निघू लागल्या. ज्यांनी परकोटाच्या आत जन्म काढला अशा माणसांनी तटावर पहिल्यांदा पाय ठेवला तो या फेऱ्यांमुळे. एखादे सरकारी खाते एवढ्या तळमळीने हे करू शकले नसते. मात्र स्वयंसेवकांनी झुडपे तोडली म्हणजे तट वाचला असे होत नाही. मुळे जिवंत राहिली तर दोन पावसाळ्यांत झाड परत उभे राहते, आणि सांधे मोकळे झालेला दगड त्याच वेळी सुटतो. मुळाशी औषध घालणे, सांधे चुन्याने भरणे, पाण्याला वाट काढून देणे हे जाणकार गवंड्यांचे काम आहे. ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने दरवर्षी, ठरलेल्या महिन्यांत करायला हवे. सिमेंटने घाईत बुजवलेला सांधा चुन्याच्या भिंतीचे नुकसान करतो, हे त्या विभागाला सांगण्याची गरज नसावी. ठेकेदाराला मात्र आहे.

खरा पेच परकोटाला लागून राहणाऱ्यांचा आहे. २०१० साली प्राचीन स्मारकांच्या कायद्यात सुधारणा झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. एखादे मंदिर किंवा एखादी समाधी असेल तर हा नियम काही घरांना लागतो. चंद्रपुरात स्मारक म्हणजे शहराला वेढणारी भिंत. ११ किलोमीटर लांबीच्या तटाला आतून आणि बाहेरून शंभर-शंभर मीटर धरले तर दोन चौरस किलोमीटरहून जास्त भाग बंदीत येतो, आणि तो सगळा दाट वस्तीचा आहे. तिथल्या कुटुंबाला मुलाच्या लग्नाआधी वरची खोली बांधायची असते, पडकी भिंत काढून नवी घालायची असते. परवानगीचा अर्ज कुठे द्यायचा, नकाशा कुणी काढायचा, उत्तर कधी येणार, याचा पत्ता नसतो. मग बांधकाम रात्री होते किंवा तटालाच भिंत टेकवून होते. ज्याला वारशाने केवळ अडवले आहे त्याच्याकडून वारशावर प्रेम करण्याची अपेक्षा ठेवणे अन्याय्य आहे.

कायदा सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. तो सैल झाला तर तट दहा वर्षांत दिसेनासा होईल. पण त्याच सुधारित कायद्यात प्रत्येक स्मारकासाठी वारसा उपविधी तयार करण्याची तरतूद आहे. कोणत्या भागात किती उंची, कोणते साहित्य, कोणती दुरुस्ती विनासायास, हे त्यातून ठरते. चंद्रपूरच्या परकोटासाठी ते काम तटाच्या प्रत्येक तुकड्याची पाहणी करून व्हायला हवे, कारण बिनबा गेटजवळची परिस्थिती पठाणपुऱ्याहून वेगळी आहे. आणि अर्जांसाठी महापालिकेत आठवड्यातून ठरावीक दिवशी एक खिडकी उघडी राहिली, तर निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

जटपुऱ्याच्या कोंडीलाही हेच लागू आहे. दरवाजाजवळ तट फोडून रस्ता मोकळा करण्याची सूचना आम्हांला मान्य नाही. मोकळा झालेला रस्ता थोड्या काळात पुन्हा भरतो. फोडलेला तट पुन्हा होत नाही. जड वाहने आणि शहरातून नुसतीच पार होणारी वाहतूक बाहेरच्या रस्त्यांवर वळवणे, दरवाजाच्या तोंडाशी वाहने उभी करू न देणे आणि आतल्या बाजारासाठी बाहेर वाहनतळ देणे, हे उपाय कष्टाचे आहेत, पण त्यांनी कमान वाचते.

पावसाळ्याचाही विचार हवा. वर्धा नदी फुगली की इरई आणि झरपटीचे पाणी मागे लोटले जाते आणि ते तटाच्या पायथ्यापर्यंत येते. २०२२ च्या जुलैत बिनबा गेटपलीकडच्या रहमतनगरसारख्या वस्त्यांनी ते अनुभवले. नद्यांची पात्रे बांधकामांनी आणि जलपर्णीने अरुंद होत असताना तटाच्या पायात पाणी किती दिवस साचते याची नोंद व्हायला हवी. किल्ला, नद्या आणि रामाळा तलाव ही गोंडराजांनी एकत्र केलेली रचना आहे. त्यांची खाती वेगळी असली तरी दुरुस्तीचा आराखडा एकच असला पाहिजे.

चंद्रपूरच्या किल्ल्याला निदान माणसांची सोबत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडाचे तसे नाही. आरमोरी तालुक्यात खोब्रागडी आणि सतनाला यांच्या संगमाजवळचा हा किल्ला एकेकाळी हिऱ्यांच्या खाणीसाठी प्रसिद्ध होता. ऐन-ए-अकबरीत तिचा उल्लेख आहे आणि चांद्याच्या बाबाजी या गोंडराजाकडे १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ असल्याचेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. दिल्लीच्या दरबाराला दखल घ्यावी लागली असे हे राज्य होते. आज वैरागडचा खंदक आणि दरवाजे झाडोऱ्यात आहेत. टिपागडच्या डोंगरावर तलाव आणि पुरम राजाची आठवण आहे; वर्षानुवर्षे त्या डोंगराकडे फक्त नक्षलवादाच्या बातम्यांतून पाहिले गेले. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा कार्यालये विभागली गेली, पण हा इतिहास विभागता येत नाही. सिरपूर, बल्लारपूर, चंद्रपूर, वैरागड, माणिकगड या एकाच राजवटीच्या पाऊलखुणा आहेत. गडचिरोलीतल्या गोंडवाना विद्यापीठाने त्यांचा एकत्रित अभ्यास, गोंडी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, हाती घ्यावा. गावागावांतल्या वृद्धांकडे राजघराण्याच्या ज्या कथा आहेत त्या अजून ऐकता येतात.

ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या चंद्रपुरातून मोहर्लीकडे निघून जातात. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या या जंगलाने जिल्ह्याला जगात ओळख दिली. या पाहुण्यांपैकी थोडे जरी अर्धा दिवस शहरात थांबले, अंचलेश्वराच्या समाध्या, महाकाली, तटावरची फेरी आणि पठाणपुरा गेट पाहून गेले, तरी परकोटातल्या तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळेल. त्यासाठी तटावर सलग चालता येईल अशी वाट, पायऱ्या आणि मराठी-गोंडी-तेलुगू फलक एवढे पुरेसे आहे. दिव्यांच्या झगमगाटाची गरज नाही.

आणि या सगळ्याच्या केंद्रस्थानी बालेकिल्ला येतो. राज्याच्या गृह विभागाने चंद्रपूर जिल्हा कारागृहासाठी शहराबाहेर जागा निश्चित करावी, नवी इमारत बांधावी आणि राजवाड्याची जागा गोंडवानाच्या संग्रहालयासाठी मोकळी करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर पुरातत्त्व विभागाने कारागृहाच्या सहकार्याने आतील मूळ बांधकामाची मोजणी आणि छायाचित्रण पूर्ण करावे. मोहरमला आणि २१ ऑक्टोबरला बंदोबस्तात गर्दी सांभाळता येते, तर चार अभ्यासकांना आत नेणे अवघड नाही. संग्रहालयात काय असावे हे ठरवताना गोंड समाजाचे जाणते लोक समितीत असावेत, निमंत्रित म्हणून नव्हे तर निर्णय घेणारे म्हणून. १२ मार्च २०३३ रोजी बाबूराव शेडमाके यांच्या जन्माला दोनशे वर्षे होतील. नव्या कारागृहाची जागा, बांधकाम, स्थलांतर आणि मग राजवाड्याची दुरुस्ती, यांना लागणारी वर्षे मोजली तर जागेचा निर्णय आणि पहिली तरतूद येत्या अर्थसंकल्पात व्हायला हवी. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी ती एकत्र मागावी.